झेंडूची पूड, अक्रोडाचं कूट आणि वन्सं

जॉर्जिया देशाच्या राजधानीला, तिब्लिसीला, जायचं ठरलं तेव्हा वन्संनी दोन अटी घातल्या. दिवसातून एकदा तरी गरम जेवण मिळालं पाहिजे, ही पहिली. दुसरी म्हणजे मेतकुटाची पिशवी त्यांच्या खांद्यावरच्या पर्समध्येच राहणार, माझ्या मोठ्या बॅगेत नाही. "बॅग हरवली तर कपडे मिळतील गं. मेतकूट कुठं मिळणार?"

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. वय ६८, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, एकादशी कधी न मोडलेल्या. मी ६१ ची, सहकारी बँकेत कॅश काउंटरवर ३३ वर्षं नोटा मोजून निवृत्त झालेली. केकमधलं अंडं मला दिसत नाही, इतपतच माझा शाकाहार. जॉर्जियाला निघालोय म्हटल्यावर ज्याने त्याने हेच ऐकवलं की तिथं मांस आणि वाइन, तुम्ही दोघी काय खाणार? त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. काझबेगीचा बर्फाचा डोंगर आम्ही पाहिला नाही. नऊ दिवसांत चार वेळा बाजारात मात्र गेलो.

बाजाराचं नाव देझेर्तेर, म्हणजे पळपुट्यांचा बाजार. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यातून पळालेले शिपाई आपल्या बंदुका इथं आणून विकायचे, त्यावरून हे नाव पडलं. आता बंदुकांच्या जागी चीज आणि भोपळे आहेत. मुख्य रेल्वे स्टेशनच्या अगदी शेजारी. मेट्रोने आम्हाला १ लारी लागला, म्हणजे आपले साधारण ३० रुपये. पण तिथल्या मेट्रोचे सरकते जिने इतके खोल आणि इतके वेगाने जाणारे आहेत, की पहिल्या दिवशी वन्संनी माझा दंड जो धरला तो थेट वर उजेडात आल्यावरच सोडला. दोन दिवस वळ होता.

बाहेर फुटपाथवरच निम्मा बाजार भरतो. काचेच्या बरण्यांत मात्सोनी लावलेल्या बायका (मात्सोनी म्हणजे दही, जरा आंबटसर, आपल्या विरजणाच्या ओळखीचं), जांभळ्या तुळशीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या, अंजिरं, द्राक्षं. या जुड्या चिरून भाजीत घालायच्या असा माझा समज होता. तिथं त्या ताटलीत अख्ख्याच येतात आणि लोक जेवताना काडी काडी तोडून खातात.

आत शिरलो आणि पाचेक पावलांवर वन्सं थांबल्या. नाक वर करून म्हणाल्या, "अगं, मेथी."

मलाही वास येत होता, पण मेथीचा डबा उघडल्यावर येतो तसा कडवट नाही. मेथी भाजून, निववून, मग कुटल्यावर येईल तसा. आम्ही दोघी वासामागे चालत मसाल्यांच्या गल्लीत पोहोचलो. तिथं एक बाई उघड्या पोत्यांमागे स्टुलावर बसली होती. हिरवट पिवळी पूड, लाल पूड, केशरी पूड, आणि एक राखाडी मीठ. वन्संनी हिरवट पुडीकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, "उत्सखो सुनेली."

फोनवरच्या भाषांतराने सांगितलं, सुनेली म्हणजे सुगंधी मसाला आणि उत्सखो म्हणजे परका. ही निळ्या फुलांची मेथी, आपल्या मेथीची चुलत बहीण. जॉर्जियात राजरोस पिकते, जवळजवळ प्रत्येक रश्शात पडते, आणि तरी नाव परकं ते परकंच. वन्सं म्हणाल्या, "माहेरचं नाव टिकलंय बिचारीचं." त्यावर त्या बाईने आमच्याकडे बोट करून काहीतरी म्हटलं आणि शेजारणी हसल्या. शब्द होता 'उत्सखोएली'. म्हणजे परदेशी माणूस. मेथी उत्सखो आणि आम्ही उत्सखोएली.

केशरी पूड चिमटीत घेऊन मी विचारलं, हळद? बाईने मान हलवली आणि पोत्यामागून वाळक्या पाकळ्यांची परडी काढून दाखवली. झेंडू! वन्संचा चेहरा फोटो काढून ठेवण्यासारखा झाला. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू, वाळवून, दळून, भाजीत. त्याला 'इमेरेतीचं केशर' म्हणतात आणि अक्रोडाच्या वाटणात तो रंगासाठी आणि एका किंचित मातकट गोडीसाठी घालतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. पर्यटक दिसला की हीच पूड नुसतं 'केशर, केशर' म्हणून पुढे करणारेही आहेत. केशराच्या काड्या असतात, पोती नसतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

वन्संनी जिभेवर चिमूट ठेवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "देवाला वाहण्यापेक्षा बरं. वाया तरी जात नाही."

आता अक्रोडाविषयी. शाकाहारी माणसाने जॉर्जियाला घाबरू नये, याचं खरं कारण अक्रोड आहे. आपल्याकडे दाण्याचं कूट जिथं जिथं पडतं, तिथं तिथं त्यांच्याकडे अक्रोडाचं कूट पडतं. पालक, बीट, कोबी, जे हाती लागेल ते उकडून पिळून अक्रोड, लसूण, उत्सखो सुनेली आणि थोड्या व्हिनेगरसह एकजीव करतात, गोळे वळतात, वर डाळिंबाचे दाणे खोचतात. त्याला प्खाली म्हणतात. वांग्याच्या लांब चकत्या तळून त्यात हेच वाटण गुंडाळतात, ते बद्रिजानी. पहिल्या दिवशी बद्रिजानी खाताना मला वाटलं, ही चव नवी आहे पण हिची कल्पना मला पाठ आहे. काकडीची कोशिंबीर, कारल्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे कूट टाकणाऱ्या घरात मी वाढले आहे. बाजारात सोललेल्या अक्रोडांचे ढीग असतात आणि बायका ते घेताना एक दाणा मोडून, चावून, खवट नाही ना हे बघतात. अगदी आपल्यासारखंच.

लोबिओ तर वन्संनी नऊ दिवसांत सहा वेळा खाल्लं. मातीच्या छोट्या मडक्यात उकडून घोटलेला राजमा, वर कोथिंबीर, सोबत म्चादी नावाची मक्याची जाडसर भाकरी आणि जोंजोली नावाचं लोणचं. जोंजोली म्हणजे एका झुडपाच्या न उमललेल्या फुलांचे घोस मिठात मुरवलेले. मडक्याचं झाकण काढल्यावर वाफ आली आणि वन्संनी पदर सावरून भाकरीचा तुकडा मोडला तो चमच्याकडे न बघताच. वेटर मुलगा कौतुकाने बघत उभा राहिला. त्याच्या आजीकडे असंच खात असावेत.

पण राजमा दिसला की डोळे मिटून मागवायचं, असंही नाही. राजमा भरलेली एक पोळी मिळते, लोबियानी. पहिल्या वेळी उत्तम मिळाली. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही फलकावर 'रचुली' असं लिहिलेली मागवली आणि मोडल्यावर आत गुलाबी तुकडे दिसले. राचा भागातल्या लोबियानीत डुकराचं खारवलेलं मांस घालतात, हे नंतर कळलं. चूक आमचीच होती, विचारलंच नव्हतं. वन्सं शांतपणे उठल्या, हात धुऊन आल्या आणि फक्त पाणी प्यायल्या. मी त्या दिवशी तीन वेळा माफी मागितली. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पुरे आता. पोटात गेलं नाही ना?" आणि विषय संपला.

हा प्रसंग मसालेवाल्या बाईला सांगितल्यावर तिने आम्हाला शब्द दिला: 'सामार्ख्वो', उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आणि नाताळच्या आधी लांबलचक. त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे हॉटेलात, बेकरीत, कुठंही 'सामार्ख्वो' म्हटलं की समोरचा माणूस एकदम कामाला लागतो. 'शाकाहारी' म्हटल्यावर लोक विचारात पडत होते, चिकन चालेल का वगैरे. उपास म्हटल्यावर कुणीही काही विचारलं नाही.

गंमत झाली ती एकादशीला. वन्संनी फोनवर त्या बाईला कळवलं की आज माझाही उपास. बाई खूश. लगेच ब्रेड पुढे केला. वन्संनी मान हलवली, धान्य नाही. मग राजमा? तोही नाही. मग काय चालतं? दही, दूध, बटाटा. बाईला हसावं की रागवावं कळेना. तिच्या लेखी दूध पिऊन केलेला उपास हा उपासच नव्हे, आणि वन्संच्या लेखी ब्रेड खाऊन केलेला. दोघींनी एकमेकींकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. त्या दिवशी वन्संनी मात्सोनी, अंजिरं, उकडलेले बटाटे आणि मूठभर अक्रोड खाल्ले, आणि उपासाला इतकं चांगलं कधी खाल्लं नव्हतं असं रात्री स्वतःच कबूल केलं.

भाषेने आम्हाला फार करमणूक पुरवली. ब्रेडला तिथं पुरी म्हणतात. आईला देदा आणि बापाला मामा. मेट्रोत एक पोरगं "मामा, मामा" करत एका माणसाच्या गळ्यात पडलं, तर वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "भाच्याचा किती जीव आहे बघ!" अक्षरं ३३, लहान मोठी लिपी असा भेद नाही, आणि सगळी गोलाकार, कानातल्या बाळ्यांसारखी. एकही वाचता आलं नाही. पण आकडे कळायला लागले तेव्हा मी बाजारात मोठ्याने ओरडले असते. वीस म्हणजे ओत्सी. चाळीस म्हणजे ओर्मोत्सी, दोन वीस. साठ सामोत्सी, तीन वीस. ऐंशी ओत्ख्मोत्सी, चार वीस. सत्तर म्हणजे तीन वीस आणि दहा. माझी आजी अंडी आणि आंबे असेच मोजायची, तीन विसा न् दहा! बँकेत लागल्यावर तिने मला विचारलं होतं, पगार किती विसा?

त्याच धुंदीत मी 'कोरड्या पुलावर' गेले. म्श्राली खिदी, तिथला जुन्या वस्तूंचा बाजार. सोव्हिएत राज्य कोसळलं तेव्हा लोकांनी घरातल्या चिजा आणून इथं विकायला मांडल्या आणि तो बाजार राहिलाच. सामोवार, पदकं, जुने कॅमेरे, बशा, कुणाच्या तरी लग्नातले चमचे. मला तिथं फार वेळ थांबवेना, खरं सांगायचं तर. दुसऱ्याचा संसार चादरीवर मांडलेला बघणं मला जमत नाही. पण एका म्हाताऱ्याकडे लाकडी चौकटीतला मणी सरकवायचा हिशेबफलक होता. प्रत्येक तारेवर दहा मणी, एकीवर मात्र चारच. त्याने खुणेने सांगितलं की त्याची बायको दुकानात गल्ल्यावर बसायची. मी माझ्याकडे बोट दाखवून नोटा मोजण्याची खूण केली. त्याने ३० लारी सांगितले होते, ते न मागता २५ केले. माझ्या आयुष्यात घासाघीस न करता मिळालेली ही पहिली सूट.

गंधकाच्या न्हाणीघरांबद्दल थोडक्यात. तिब्लिसी हे नावच 'त्बिली' म्हणजे कोमट या शब्दावरून. वाख्तांग गोर्गासाली राजाने ससाण्यासह शिकार केली, पक्षी जाऊन गरम झऱ्यात पडला, आणि राजाने तिथं शहर वसवलं, अशी पाचव्या शतकाची आख्यायिका. अबानोतुबानी भागात विटांचे घुमट आहेत, त्यांच्याखाली तासावर खोली मिळते. दारातच गंधकाचा वास आला. वन्सं म्हणाल्या, "जन्मात अंडं खाल्लं नाही, आणि आता अंड्यात आंघोळ?" पण आत एका धिप्पाड बाईने किसा नावाच्या खरखरीत हातमोज्याने त्यांची पाठ घासून काढल्यावर त्या अर्धा तास कुणाशी बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीत आई उटणं लावायची, त्यानंतर आजच."

सहाव्या दिवशी सिघनाघीला गेलो. सामगोरी स्थानकापासून मार्श्रुत्का सुटतात, म्हणजे वडाप. भरली की निघते. डोंगरावरचं तटबंदीचं गाव, खाली अलाझानीचं खोरं आणि पलीकडे कॉकेशसची रांग. गाव फार नटवलेलं आहे, मला तितकंसं भावलं नाही. पण आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात द्राक्षाचा रस आटत होता आणि तो वास! गुऱ्हाळात शिरल्यासारखं वाटलं. चुर्चखेला करायची होती. बाजारात मेणबत्त्यांसारख्या लटकलेल्या असतात त्या. अक्रोडाच्या अर्ध्या फाका सुई दोऱ्याने ओवायच्या, आटवलेल्या रसात गव्हाचं पीठ घालून घोटायचं, मग माळ त्यात बुडवून काठीवर वाळत टाकायची. पश्चिमेकडे गव्हाऐवजी मक्याचं पीठ घालतात म्हणे, आणि हे सांगताना घरच्या आजीने नाक मुरडलं.

आजी रस ढवळत होती. वन्सं दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांनी आजीच्या हातातला लाकडी उलथना घेतला. "तळाला लागतंय." मराठीतच. आजीला कळलं. नंतर तासभर एकीने ढवळायचं, दुसरीने माळा बुडवायच्या. पातेलं रिकामं झाल्यावर आजीने खरवड काढून दोन बशांत दिली, गरम, चिकट, द्राक्षाच्या सालीसारखी तुरट गोड. रस्त्यावर टांगलेली चकचकीत चुर्चखेला मी आधी खाल्ली होती आणि रबरासारखी लागली होती. चांगली ओळखायची तर तिच्यावर पांढुरकी साय असावी, साखर आपोआप वर येते ती, आणि मधला अक्रोड मोडताना आवाज यावा.

रात्री त्यांच्याकडे पाहुणे होते, आम्हालाही बसवलं. सुप्रा म्हणजे त्यांची पंगत. एक माणूस तामादा असतो, तो एकेक करून कुणासाठी प्यायचं ते सांगतो, आणि ते सांगणं म्हणजे छोटं भाषणच. अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले क्वेव्री, मातीचे अंड्याच्या आकाराचे रांजण. त्यांत सालांबियांसकट मुरलेली वाइन मधासारख्या रंगाची होते. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली, हे घरच्या मुलाने अभिमानाने सांगितलं. मी प्यायले. वन्संनी पलीकडे बघितलं. त्यांच्या पेल्यात द्राक्षाचा रस होता.

तिसरं की चौथं मागणं गेलेल्या माणसांसाठी होतं. सगळे गप्प झाले. आजीने ब्रेडच्या तुकड्यावर वाइनचे दोन थेंब सोडले आणि तो ताटलीच्या कडेला ठेवला. फोनवर अर्थ बघायची गरज पडली नाही. वन्संनी आपल्या ताटलीतला तुकडा उचलला, त्यावर रसाचे थेंब सोडले आणि माझ्या नवऱ्याचं लहानपणीचं नाव हळूच घेतलं. ते नाव मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा देझेर्तेर. मसालेवाल्या बाईकडून पाव पाव किलो सगळं घेतलं, ते राखाडी मीठसुद्धा. ते स्वानेतीच्या डोंगरातलं, त्यात लसूण, धने, मिरची, झेंडू आणि तीच परकी मेथी कुटलेली असते. पैसे देऊन झाल्यावर वन्संनी पर्समधून मेतकुटाची पिशवी काढून तिच्या नाकाशी धरली. बाईने श्वास घेतला, डोळे मोठे केले, "उत्सखो सुनेली!" मग चिमूटभर तोंडात टाकलं. मेथीपर्यंत चेहरा खुललेला होता. हिंगापाशी पोहोचल्यावर तिने शेजारणीला हाक मारली आणि तिलाही खायला लावलं. तिसरीलाही. पिशवीतलं अर्धं मेतकूट त्या गल्लीत संपलं.

रात्री खोलीवर भात लावला, वर लोणी आणि उरलेलं मेतकूट. वन्संनी पहिला भात तसा खाल्ला. दुसऱ्या वेळी मात्र स्वानेतीचं मीठ भुरभुरलं, कालवलं, एक घास खाल्ला. मी बघत होते. काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा भात वाढून घेतला तेव्हा त्यांनी मेतकुटाच्या पिशवीला रबर लावलं.

"विमान कितीचं आहे उद्या?"

"दुपारी तीनचं, वन्सं."

"मग सकाळी बाजार उघडत असेल ना? पाव किलोने काय होतंय."

सकाळी आठला आम्ही सरकत्या जिन्यावर होतो.